पिकरिंगचा पूर: भिंत परवडली नाही, मग तज्ज्ञांनी काय केलं

इंग्लंडमध्ये नॉर्थ यॉर्कशायरला पिकरिंग नावाचं छोटं शहर आहे, वस्ती सात हजारांच्या आसपास, आणि तिथे १९९९, २०००, २००२ आणि २००७ असा चार वेळा पूर आला. पुरावर काम करणाऱ्यांना हे प्रकरण बऱ्यापैकी माहितीये, पण सांगताना "वर झाडं लावली, ओढ्यात लाकडं टाकली आणि गाव वाचलं" एवढंच सांगतात, आणि मला ते पटत नाही कारण त्यात माणसं गायब होतात. जलशास्त्रज्ञ, वनतज्ज्ञ, इंजिनिअर, भूगोलाचे प्राध्यापक, नॅशनल पार्कची माणसं, या सगळ्यांनी नेमकं काय केलं, कुठे अडले, लोकांशी कसं वागले हे नीट बघितलं तर वेगळंच चित्र दिसतं. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते: इथली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तज्ज्ञांनी आपलं गणित पूर सोसलेल्या लोकांसमोर टेबलावर मांडलं, आणि बाकीचं सगळं त्याच्या जोरावर उभं राहिलं.

गाव, ओढा आणि वरचं माळरान

पिकरिंग हे नॉर्थ यॉर्क मूर्सच्या दक्षिण पायथ्याशी आहे. वर मूर, म्हणजे उघडं ओलं माळरान, बऱ्याच ठिकाणी पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळी माती, त्यावर हेदरची झुडपं, अधूनमधून जंगल, आणि मधून न्यूटनडेल नावाची खोल अरुंद दरी, जी शेवटच्या हिमयुगात वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने कोरलेली आहे. त्या दरीतून पिकरिंग बेक नावाचा ओढा खाली येतो आणि थेट गावाच्या मधून जातो, काठाला लागून घरं, दुकानं, पूल. दरीत ओढ्याच्या सोबतीने जुनी रेल्वेसुद्धा आहे, वाफेच्या इंजिनांची, पर्यटकांची लाडकी, त्यामुळे जागा आधीच कमी. ओढ्याचं पाणलोट क्षेत्र साधारण ६९ चौरस किलोमीटर, म्हणजे फार मोठं नाहीच, पण उतार तीव्र आणि माळरान आधीच भिजलेलं असलं की पडलेलं पाणी मुरत नाही, ते काही तासांत गावात येऊन धडकतं. मोठ्या नदीचा पूर हळूहळू चढतो, माणसाला सामान वर उचलायला वेळ मिळतो, अशा ओढ्याच्या पुरात तो वेळच मिळत नाही.

त्यात माणसाने घातलेली भर. माळरानावर पाणी साचू नये म्हणून ठिकठिकाणी चर खणलेले, जंगलात रस्त्यांच्या कडेने गटारं, म्हणजे वरचं पाणी जितक्या लवकर खाली काढता येईल तितकं काढायची व्यवस्था पिढ्यान्‌पिढ्या चाललेली. ज्याने चर खणला त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, त्याला जमीन कोरडी हवी होती, पण सगळ्यांचं पाणी एकाच वेळी एकाच अरुंद दरीत उतरलं की खालच्या गावाचं काय होणार याचा हिशोब कुणीच ठेवलेला नव्हता.

२५ जून २००७ ला जो पूर आला त्यात ८५ मालमत्तांमध्ये पाणी शिरलं आणि नुकसान साधारण ७० लाख पौंडांचं झालं. तो उन्हाळा सगळ्या इंग्लंडलाच वाईट गेला होता, देशभरात ५५ हजारांवर मालमत्ता बुडाल्या होत्या, त्यामुळे बातम्यांमध्ये पिकरिंगचं नाव फारसं आलं नाही. पण ज्याच्या घरात सात-आठ वर्षांत चौथ्यांदा चिखल शिरला त्याच्यासाठी तो आकडा छोटा नसतो.

भिंतीचं गणित

गावासाठी नेहमीचा उपाय आधीच तपासून झाला होता. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना गावातून पूरभिंत. खर्च साधारण २ कोटी पौंड. आणि इथेच गाडी अडली, कारण तिकडे तेव्हा पूरसंरक्षणाचा सरकारी पैसा देशपातळीवरच्या एका निकषाने वाटला जायचा, किती पौंड खर्च केल्यावर किती पौंडांचं नुकसान टळतं हे प्रत्येक योजनेचं काढायचे आणि मग देशभरच्या योजना एका रांगेत उभ्या राहायच्या. जिथे एका भिंतीमागे हजारो घरं सुरक्षित होत ते शहर रांगेत पुढे जायचं. जिथे घरं शंभराच्याही आत पण भिंत मात्र लांबच लांब बांधावी लागणार ते गाव मागे राहायचं, आणि दरवर्षी मागेच राहायचं.

हे निकष लावणारे लोक वाईट होते असं अजिबात नाही, पैसा मर्यादित असेल तर कुठेतरी रेघ मारावी लागतेच. पण त्याचा गावावर काय परिणाम होतो ते बघा. अधिकारी येतात, मोजणी करतात, नकाशे दाखवतात, आणि शेवटी सांगतात की तुमचा धोका खरा आहे पण तुमची योजना बसत नाही. असं झाल्यावर लोकांचा तज्ज्ञांवरचा विश्वास उडतो, आणि एकदा तो उडाला की नंतर कितीही चांगला प्लॅन आणा, बैठकीत पहिला प्रश्न हाच येतो की मागच्या वेळेस तुम्हीच नव्हता का आलात. शिवाय भिंत सगळ्यांना हवी होती असंही नाही, ओढा ही त्या गावाची ओळख आहे आणि दोन भिंतींच्या मधे तो कोंडला तर गावाचं रूपच बदलणार होतं.

म्हणजे २००७ च्या शेवटी परिस्थिती अशी की पूर पुन्हा येणार हे नक्की, भिंत होणार नाही हेही जवळपास नक्की, आणि लोक चिडलेले.

मॉडेल टेबलावर

या टप्प्यावर जे झालं ते मला या प्रकरणाचा गाभा वाटतं. ऑक्सफर्डच्या भूगोलाच्या प्राध्यापक सारा व्हॉटमोर, तेव्हा डरहम विद्यापीठात असलेले जलशास्त्रज्ञ स्टुअर्ट लेन आणि त्यांचे सहकारी एक संशोधन करत होते, विषय असा की पुरासारख्या गोष्टीत तज्ज्ञांचं ज्ञान आणि लोकांचं ज्ञान यांच्यात वाद होतो तेव्हा नेमकं काय होतं. त्यांनी २००७ च्या पुरानंतर काही महिन्यांतच पिकरिंगच्या भागातले रहिवासी आणि संशोधक यांचा एकत्र गट केला, नाव रायडेल फ्लड रिसर्च ग्रुप. नेहमीच्या जनसुनावणीत आणि यात फरक मोठा होता. जनसुनावणीत प्लॅन तयार असतो, लोकांनी फक्त हरकती नोंदवायच्या. इथे प्लॅनच नव्हता. रहिवासी आणि प्राध्यापक एकाच टेबलाभोवती ठराविक काळाने बसायचे, लोक पुराचे फोटो आणायचे, नकाशे आणायचे, पाणी आधी कुठून आलं, किती वेळात चढलं, कुठल्या कोपऱ्यावर वळलं हे सांगायचे, आणि मॉडेल करणारे लोक आपलं मॉडेल तिथेच दाखवायचे.

आता मॉडेल म्हणजे काय हे जरा सांगते कारण बहुतेक ठिकाणी लोकांना त्यातला फक्त शेवटचा रंगीत नकाशा दिसतो. पुराच्या कॉम्प्युटर मॉडेलमध्ये पाऊस, जमिनीचा उतार, ओढ्याची रुंदी-खोली, आणि पाण्याला किती अडथळा होतो म्हणजे तळ आणि काठ किती खडबडीत आहे असे आकडे घातलेले असतात. यातले काही मोजलेले असतात आणि काही अनुभवाने धरलेले असतात. तो खडबडीतपणाचा आकडा थोडा इकडचा तिकडे केला तरी पाण्याची पातळी बदलते. हे मॉडेल करणाऱ्याला चांगलं माहिती असतं, पण लोकांसमोर सहसा बोलत नाहीत, भीती ही की शंका दाखवली तर लोकांचा विश्वास जाईल. मला वाटतं होतं नेमकं उलटं. ज्या माणसाने आपल्या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी आलं ते डोळ्यांनी बघितलंय त्याच्यासमोर तुम्ही ठामपणे चुकीची पातळी दाखवली की तुमचा पुढचा एकही आकडा तो मानत नाही. तेच तुम्ही म्हणालात की इथे आम्ही हा आकडा धरलाय, तुमच्या फोटोत पाणी कुठे होतं ते दाखवा, आपण तपासू, तर तो माणूस तुमच्यासोबत कामाला लागतो.

गटाचं बोलणं हळूहळू वरच्या भागाकडे सरकलं. गावात पाणी आल्यावर त्याला अडवायचं कसं यापेक्षा ते गावात एकदम येऊच नये म्हणून वर कुठे रोखून धरता येईल का, छोटे छोटे मातीचे बांध घातले तर काय होईल. हाताशी असलेल्या मॉडेलमधून या प्रश्नाचं सरळ उत्तर मिळत नव्हतं, मग त्यासाठी खास वेगळं साधं मॉडेल लिहिलं गेलं, बांध कुठे घातला तर गावात पाणी किती उतरेल हे करून बघता येईल असं. लोकांनी विचारलेल्या प्रश्नासाठी शास्त्रज्ञांनी नवं साधन बनवलं, हे वाक्य वाचायला साधं वाटतं पण प्रत्यक्षात फार क्वचित होतं, बहुतेक वेळा आपल्याकडे जे साधन आहे त्यात बसेल तेवढाच प्रश्न तज्ज्ञ स्वीकारतात. २००८ मध्ये गटाने हे काम गावात प्रदर्शन भरवून सगळ्यांसमोर ठेवलं.

त्याच सुमारास वरूनही दार उघडलं. २००७ च्या पुरानंतर सरकारने सर मायकल पिट यांच्याकडून जो आढावा करून घेतला तो जून २००८ मध्ये आला, त्यात ९२ शिफारशी होत्या आणि त्यातली एक निसर्गाच्या प्रक्रियांना हाताशी धरून पुराचं काम करण्याबद्दल होती. मग २००९ मध्ये सरकारच्या पर्यावरण खात्याने, म्हणजे डेफ्राने, असे तीन प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केले आणि त्यातला एक पिकरिंगला मिळाला. गावात आधीच बसून विचार झालेला होता, आकडे होते, लोक तयार होते, म्हणून ही संधी पकडता आली असं मला वाटतं. नाहीतर निधी येतो आणि पहिली दोन वर्षं लोकांची समजूत घालण्यातच जातात.

वर नेमकं काय केलं

प्रकल्पाचं नाव स्लोइंग द फ्लो, नेतृत्व फॉरेस्ट रिसर्च या सरकारी वनसंशोधन संस्थेकडे, सोबत पुराचं काम बघणारी सरकारी एन्व्हायर्नमेंट एजन्सी, फॉरेस्ट्री कमिशन, नॅशनल पार्क, डरहम विद्यापीठ, स्थानिक कौन्सिल आणि अजून काही. कल्पना सोपी आहे. पाऊस तेवढाच पडणार, पाणी तेवढंच येणार, पण ते एकदम न येता पसरून यावं, म्हणजे सगळ्यात उंच लाट थोडी खाली बसते आणि थोडी उशिरा येते. गावात पाणी काठावरून घरात शिरतं ते त्या शेवटच्या थोड्याशा उंचीमुळे, तेवढी कमी करता आली तरी पुष्कळ घरं वाचतात.

सगळ्यात जास्त फोटो ज्याचे निघतात ते म्हणजे ओंडक्यांचे बांध. पिकरिंग बेकच्या बाजूला १२९ आणि शेजारच्या रिव्हर सेव्हनच्या बाजूला ३८, एकूण १६७. ओढ्यात आडवे ओंडके अडकवायचे, पण तळाशी फट ठेवायची. नेहमीचं पाणी खालून सरळ वाहून जातं, मासे जातात, कुणाला काही जाणवतही नाही. पाणी चढलं की मात्र ते ओंडक्यांना भिडतं, मागे तुंबतं, काठावर पसरतं, जंगलातल्या जमिनीत शिरतं, आणि पाऊस ओसरला की आपोआप रिकामं होतं म्हणजे पुढच्या पावसाला जागा मोकळी. एकेका बांधाने फार थोडं पाणी अडतं, म्हणून शेकड्याने लागतात.

हे कुणीही उत्साहाने करू शकेल असं वाटतं आणि धोका तिथेच आहे. ओंडके नीट अडकवले नाहीत तर मोठ्या पाण्यात सुटतात आणि वाहत जाऊन खालच्या पुलात किंवा मोरीत अडकतात, मग जिथे पूर येणार नव्हता तिथेही येतो. म्हणून पुलाच्या जवळ वरच्या अंगाला असे बांध घालायचे नाहीत, ओंडका ओढ्याच्या रुंदीपेक्षा चांगला लांब हवा, काठाच्या झाडांमध्ये पक्का बसलेला हवा, आणि मोठ्या पावसानंतर कुणीतरी जाऊन बघायला हवं. दुसरी गोष्ट त्याहून सूक्ष्म आहे आणि ती मॉडेल असल्याशिवाय दिसत नाही. गावात दोन-तीन उपओढ्यांचं पाणी वेगवेगळ्या वेळेला येत असतं, एकाचं आधी येऊन निघून जातं, दुसऱ्याचं मागून. आता जो आधी निघून जात होता त्यालाच तुम्ही अडवून उशीर केलात तर दोघांच्या लाटा एकाच वेळी गावात पोचू शकतात, म्हणजे चांगल्या हेतूने पूर वाढवला. त्यामुळे बांध आणि झाडं कुठे घातली तर उपयोग आणि कुठे घातली तर तोटा हे डरहमच्या लोकांनी पाणलोटाच्या मॉडेलवर तपासलं आणि मग जागा ठरल्या. गावात तज्ज्ञ कशाला हवेत असं कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देईन.

माळरानावर वेगळी पद्धत. तिथे मोठे ओंडके मिळत नाहीत, मग तिथल्याच हेदरच्या गठ्ठ्यांनी चर आणि छोट्या घळी अडवल्या, असे १८७ अडथळे. पाणी थांबतं, पीटची माती भिजलेली राहते, मातीची धूपही कमी होते. ओढ्यांच्या कडेने हेदर जाळायची नाही असे पट्टे ठेवले. जंगलातल्या रस्त्यांच्या गटारांमध्ये बदल केले. यातलं एकही काम उद्घाटनाची फीत कापावी असं नाही.

आणि झाडं. ४४ हेक्टरवर नवी झाडी लावली, त्यातली २९ हेक्टर ओढ्याच्या कडेने आणि बाकीची शेतांमध्ये. ठरवलं होतं त्यापेक्षा हे कमीच झालं, आणि का कमी झालं ते महत्त्वाचं आहे. जमीन शेतकऱ्यांची. काठाची जमीन बऱ्याचदा चांगली असते, तिथे झाडं लावली की ती कायमची गेली, अनुदान मिळतं पण दरवर्षीचं उत्पन्न गेलं ते गेलंच, आणि फायदा कुणाचा तर दहा-पंधरा किलोमीटर खाली राहणाऱ्या माणसाचा. शेतकऱ्याने यावर विचार करायला वेळ मागितला तर तो अडवणूक करतोय असं म्हणणं मला चुकीचं वाटतं. अशा वेळी बांधावर जाऊन एकेकाशी बोलणारा, त्याच्या शेताचा नकाशा काढून कुठला तुकडा त्याला कमी लागतो हे विचारणारा माणूस लागतो, आणि ते काम प्रकल्पाच्या बजेटमध्ये नेहमी सगळ्यात कमी धरलेलं असतं. झाडांचा परिणामही लगेच मिळत नाही, मुळं खोल जाऊन माती मोकळी व्हायला, खाली पालापाचोळा आणि झुडपं वाढून पाणी अडायला वर्षं लागतात, हे लोकांना आधीच स्पष्ट सांगावं लागतं.

बंधारा, आणि कायद्याची अडचण

ओंडके आणि झाडं पुरेशी नव्हती, हे प्रकल्पाच्या लोकांनाही माहिती होतं, म्हणून न्यूटनडेलमध्ये पाणी साठवायला मातीचा बंधारा हवाच होता. ओढा त्याच्यातून ठराविक मापाच्या वाटेने वाहत राहतो, त्या वाटेतून जाईल त्यापेक्षा जास्त पाणी आलं की उरलेलं मागे साठतं. पहिल्यांदा विचार होता कमी उंचीच्या बंधाऱ्यांचा, कमी खर्चाचा, गटात बोलणं झालं होतं त्याला जवळचा. पण तिथे १९७५ चा रिझर्व्हॉयर्स कायदा आड आला. जमिनीच्या पातळीच्या वर २५ हजार घनमीटरपेक्षा जास्त पाणी धरू शकेल असं काहीही बांधलं की ते धरणाच्या नियमात येतं, आणि मग ते फुटलंच तर खालच्या गावाचं काय होईल हे गृहीत धरून फार मोठ्या पुरालाही टिकेल असं बांधावं लागतं. खर्च वाढला, डिझाइन बदलावं लागलं, काम लांबलं.

याबद्दल पुष्कळ जण सरकारी नियमांवर राग काढतात, मी त्यांच्यात नाही. गावाच्या वर पाणी साठवून ठेवायचं आणि ते सुटणार नाही याची खात्री द्यायची नाही असं चालणारच नाही, आणि ज्यांची घरं खाली आहेत त्यांनीच ही खात्री आधी मागायला हवी. राग यावा तर याचा की हा कायदा १९७५ पासून तिथेच होता, तेव्हा धरणसुरक्षेचा इंजिनिअर अगदी पहिल्या दिवसापासून टेबलाशी बसवायला हवा होता. वनतज्ज्ञ, भूगोलवाले, पर्यावरणवाले सगळे होते, तरी हा मुद्दा मधे येऊन वर्षं खाऊन गेला. आज कुणी असं काम सुरू करत असेल तर माझा पहिला सल्ला हा असेल.

शेवटी एकच मोठा बंधारा झाला, साधारण १ लाख २० हजार घनमीटर पाणी धरणारा, सप्टेंबर २०१५ मध्ये पूर्ण. एवढ्याने काय होतं ते बघायचं तर समजा पुराच्या वेळी ओढ्यातून गावाला झेपेल त्यापेक्षा सेकंदाला १० घनमीटर जास्त पाणी येतंय, तर ते जास्तीचं पाणी हा बंधारा १२ हजार सेकंद, म्हणजे ३ तास २० मिनिटं मागे धरू शकतो. तीव्र उताराच्या लहान ओढ्यात पुराचा माथा, म्हणजे सगळ्यात जोराचं पाणी, साधारण काही तासांचाच असतो, त्यामुळे हे पुष्कळ आहे. त्यापेक्षा लांबला तर मात्र बंधारा भरतो आणि मग त्याचा उपयोग संपतो.

यातून गावाला पुराचा जो धोका आधी कुठल्याही वर्षी २५ टक्के होता तो ४ टक्के किंवा त्याखाली येईल असा हिशोब होता.

डिसेंबर २०१५

बंधारा पूर्ण होऊन जेमतेम तीन महिने झाले आणि ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला उत्तर इंग्लंडवर प्रचंड पाऊस झाला. यॉर्क, लीड्स, हेब्डन ब्रिज, सगळीकडे पाणी. पिकरिंगमध्ये ३६ तासांत साधारण ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि गाव कोरडं राहिलं. वर्तमानपत्रांनी लगेच गोष्ट उचलली, की भिंतीचा खर्च टाळून निसर्गाच्या मदतीने गाव वाचलं.

नंतर प्रकल्पाच्या लोकांनी मोजमापं आणि मॉडेल वापरून विश्लेषण केलं, त्यात निघालं की या सगळ्या उपायांनी पुराचा माथा १५ ते २० टक्के कमी झाला, त्यातला साधारण अर्धा परिणाम बंधाऱ्याचा आणि अर्धा वरच्या ओंडके, गठ्ठे, झाडी वगैरे कामांचा. वाचलेली घरं थोडी होती, शेकड्यांनी नव्हे. दुसरीकडे काही जणांनी हेही दाखवून दिलं की पिकरिंगवर पडलेला पाऊस यॉर्कशायरच्या पश्चिमेकडच्या दऱ्यांच्या मानाने कमी होता, त्यामुळे हेब्डन ब्रिज बुडालं आणि पिकरिंग वाचलं ते फक्त ओंडक्यांमुळे असं म्हणता येत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकत्रच सांगायला हव्यात. १५-२० टक्के हा उत्तम परिणाम आहे, तो फुगवून सांगायची गरजच नाही. फुगवून सांगितलं की पुढच्या वेळी खूप मोठा पाऊस येतो, पाणी वर चढतं, आणि ज्यांनी "आता पूर येणार नाही" असं ऐकलं होतं ते लोक फसवले गेल्यासारखे होतात. पिकरिंगमधल्या तज्ज्ञांबद्दल मला आदर वाटतो तो यासाठी की त्यांनी अर्धं श्रेय मातीच्या बंधाऱ्याला दिलं, जरी सगळ्या जगाला झाडांची गोष्ट ऐकायची होती.

४ टक्के म्हणजे किती

इथे थोडं थांबते, कारण लोकांशी बोलताना तज्ज्ञांचं बोलणं सगळ्यात जास्त इथे फसतं. वर्षाला ४ टक्के म्हणजे २५ वर्षांतून एकदा, असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं आता २५ वर्षं निवांत. तसं नसतं, दरवर्षी नव्याने तेवढाच धोका असतो. जुन्या २५ टक्क्यांनी दहा वर्षांत एकदा तरी पूर येण्याची शक्यता ९४ टक्के होती, म्हणजे येणारच. ४ टक्क्यांनी तीच शक्यता दहा वर्षांत ३४ टक्क्यांच्या आसपास येते. केवढा फरक आहे बघा. पण कुणी तीस वर्षांचं कर्ज काढून त्या ओढ्याकाठी घर घेतलं असेल तर त्या तीस वर्षांत एकदा तरी पूर बघायची शक्यता जवळपास ७० टक्के आहे. हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून सांगितले की लोक घाबरत नाहीत, उलट पुढचे प्रश्न विचारतात, की मग मी घरात काय करू.

आणि तिथून घराच्या पातळीवरचं काम सुरू होतं, जे अशा प्रकल्पाच्या बातमीत कधी येत नाही. दाराला बसवायचे फळ्यांचे अडसर, सांडपाण्याच्या पाइपला उलटं पाणी येऊ न देणारे व्हॉल्व्ह, विजेचे सॉकेट भिंतीत वर, खालच्या मजल्यावर भिजून फुगणाऱ्या लाकडाऐवजी फरशी. पाणी आलंच तर काही दिवसांत धुऊन वाळवून परत राहता यावं, महिनोन्‌महिने भाड्याच्या घरात काढावे लागू नयेत, हा उद्देश. सोबत एन्व्हायर्नमेंट एजन्सीचे पूर-इशारे आहेत, आणि एप्रिल २०१६ पासून फ्लड री नावाची व्यवस्था आहे ज्यातून पूरभागातल्या घरांना परवडेल असा विमा मिळावा असा प्रयत्न आहे, पण १ जानेवारी २००९ नंतर बांधलेली घरं त्यात धरत नाहीत, कारण पूरभागात नवी घरं बांधायला प्रोत्साहन द्यायचं नाही. भाडेकरू, म्हातारी माणसं, ज्यांच्याकडे दाराचे अडसर घ्यायला पैसे नाहीत किंवा ते रात्री दोन वाजता उचलून बसवायची ताकद नाही, त्यांच्यापर्यंत हे कोण पोचवतं हा प्रश्न कुठल्याही गावात मॉडेलइतकाच गंभीरपणे घ्यायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आता राहिला निगेचा भाग. लाकूड कुजतं. ओंडक्यांचे बांध काही वर्षांनी ढिले होतात, काही वाहून जातात, काही गाळाने भरून जातात, हेदरचे गठ्ठे त्याहून लवकर खराब होतात. १६७ बांध आणि १८७ अडथळे म्हणजे साडेतीनशेच्या वर जागा, बऱ्याचशा रस्ता नसलेल्या ठिकाणी, आणि त्यांची पाहणी करायला माणूस, वेळ आणि पैसा दरवर्षी लागणार. प्रात्यक्षिक प्रकल्पाचा निधी ठराविक काळाचा असतो, तो बांधकामाला मिळतो, निगेला सहसा मिळत नाही. बंधाऱ्याचं एक बरं आहे की तो त्या १९७५ च्या कायद्यात बसतो, म्हणून त्याची तपासणी पात्र इंजिनिअरकडून ठरलेल्या काळाने करणं बंधनकारक आहे. वरच्या जंगलातल्या ओंडक्यांना असा कुठलाच कायदा लागू नाही, ते कुणी बघायचे हे जमीनमालक, वनविभाग आणि पार्क यांनी आपापसात ठरवायचं, म्हणून अशा कामाचा करार लिहिताना पहिला ओंडका टाकायच्या आधीच पाहणी कोण करणार, किती वर्षं आणि कुठल्या पैशातून, हे त्यात नावानिशी लिहून घ्यावं.